जुना रेग्युलेटर घरी उघडण्याआधी : मार्क ५ आणि १०९च्या निमित्ताने

प्रश्न थोडक्यात असा आहे. मामांकडून पाण्याखाली श्वास घ्यायच्या रेग्युलेटरचा एक जुना संच मिळाला आहे : स्कूबाप्रो कंपनीची मार्क ५ फर्स्ट स्टेज (सिलिंडरवर बसणारा भाग) आणि १०९ सेकंड स्टेज (तोंडात धरायचा भाग). बरीच वर्षं कपाटात पडून होता. सर्व्हिस सेंटरने ‘याचे भाग मिळत नाहीत, नवा घ्या’ म्हणून परत पाठवला. सिलिंडरला जोडला की हवा नीट येते, पण काही मिनिटं तसाच ठेवला तर सेकंड स्टेज आपोआप फुसफुसायला लागते. एक श्वास घेतला की थांबते, पुन्हा सुरू होते. हा घरी दुरुस्त करता येईल का? आणि केला तर त्याच्या भरवशावर पाण्यात उतरता येईल का? पुढची सर्व्हिस कधी करायची?

दुरुस्त करता येईल. भरवशाचं उत्तर मात्र तुमच्या हातांपेक्षा तुमच्या गेजवर अवलंबून आहे. रेग्युलेटर उघडणं, धुणं आणि ओ-रिंगा, म्हणजे हवा अडवणाऱ्या रबरी रिंगा, बदलून पुन्हा जोडणं हे कुठल्याही जपून काम करणाऱ्या माणसाला जमतं. न जमणारी गोष्ट वेगळी असते : बिघाड नेमका कुठे आहे ते उघडण्याआधी ओळखणं, आणि जोडल्यावर तो खरंच गेला हे आकड्यांत दाखवणं. ते जमत नसेल तर नवीन रिंगा घातलेला रेग्युलेटर जुन्यापेक्षा जास्त धोकादायक असतो, कारण त्यावर उगाच विश्वास बसतो.

तुम्ही सांगितलेलं लक्षण इतकं स्पष्ट आहे की तिथूनच सुरुवात करू. फर्स्ट स्टेजचं काम सिलिंडरमधला २०० बारच्या आसपासचा दाब उतरवून भोवतालच्या दाबापेक्षा साधारण ९ ते १० बार जास्त, अशा एका मधल्या दाबावर आणून ठेवणं. त्याला इंटरमीडिएट प्रेशर म्हणतात. सगळे आयपीच म्हणतात. सेकंड स्टेजची झडप एका स्प्रिंगने बंद धरलेली असते आणि ती स्प्रिंग या आयपीच्या हिशोबाने लावलेली असते. फर्स्ट स्टेजची झडप पूर्ण मिटत नसेल तर आयपी तिथे थांबत नाही. साडेनऊचा दहा होतो, मग अकरा, बारा. एका क्षणी सेकंड स्टेजच्या स्प्रिंगला तो दाब धरवत नाही आणि ती हवा सोडू लागते. तुम्ही श्वास घेतला की साठलेला दाब उतरतो, फुसफुस थांबते आणि चढण पुन्हा सुरू होते. याला आयपी क्रीप म्हणतात. आवाज सेकंड स्टेजमधून येतो, दोष फर्स्ट स्टेजमध्ये असतो.

नेमकी इथेच घरगुती दुरुस्ती चुकीच्या वाटेला लागते. आवाज सेकंड स्टेजमधून येतोय म्हणून ती उघडायची आणि आवाज थांबेपर्यंत तिचा ऑरिफिस, म्हणजे हवा आत येते तो फिरणारा नळा, आत आवळायचा. आवाज थांबतो. पण आता श्वास ओढायला जड जातो, सीटवर, म्हणजे झडप मिटते त्या गादीवर, गरजेपेक्षा जास्त दाब पडून तिच्यात खोल वळ उमटतो आणि आयपी आतल्या आत चढतच राहतो. म्हणून पहिलं हत्यार पाना किंवा स्क्रू ड्रायव्हर नाही. पहिलं हत्यार आयपी गेज. बीसी, म्हणजे पाण्यात तरंगण्यासाठीचं जॅकेट, फुगवायच्या लो प्रेशर नळीला टोकाशी जोडता येतो असा, साधारण २० बारपर्यंत मोजणारा. त्याला स्वतःचा सेफ्टी व्हॉल्व्ह असेल तर उत्तम. तुमच्या जुन्या संचावर ही इन्फ्लेटरची नळी नसेल तर एक आणून लावा. पाण्यात उतरताना ती लागणारच आहे.

गेज लावताना एक नियम. फर्स्ट स्टेजला दाब देताना तिच्यावर सेकंड स्टेज जोडलेली असलीच पाहिजे. नेहमीच्या डाउनस्ट्रीम सेकंड स्टेजची झडप हवेच्या प्रवाहाच्या दिशेने उघडते, त्यामुळे आयपी हाताबाहेर गेला तर तीच वाट करून देते. नुसता गेज लावून बाकीची भोकं बंद केलेल्या फर्स्ट स्टेजची सीट फाटली, तर सिलिंडरचा पूर्ण दाब नळीत आणि गेजमध्ये येतो. सिलिंडरची तोटी हळूहळू उघडा, उघडताना सेकंड स्टेजचं पर्ज बटण (हाताने हवा सोडायचं) किंचित दाबून ठेवा आणि गेजची काच कोणाच्याही तोंडासमोर ठेवू नका. १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बारला २४०० लिटर हवा कोंबलेली असते. घाईला इथे जागा नाही.

आता बघायचं काय? पर्ज दोन-चार वेळा दाबून सोडा आणि काटा कुठे थांबतो ते पाहा. चांगल्या फर्स्ट स्टेजचा काटा झटक्यात वर येऊन खिळतो. नव्या सीटवर तो पहिल्या काही सेकंदांत एखाद-दोन दशांश बार सरकून स्थिरावला तर काळजी नको. पण पाच-दहा मिनिटांत तो सावकाश वर चढत असेल तर क्रीप आहे. ही चाचणी भरलेल्या सिलिंडरवर आणि ४०-५० बार उरलेल्या सिलिंडरवर अशी दोनदा करा. मार्क ५ बॅलन्स्ड पिस्टन आहे, म्हणजे सिलिंडर रिकामा होत आला तरी तिचा आयपी जवळजवळ तोच राहायला हवा. मार्क २सारख्या अनबॅलन्स्ड पिस्टनचा आयपी सिलिंडर उतरेल तसा उतरतो, तो दोष नव्हे. उलट जुन्या अनबॅलन्स्ड डायफ्रॅम (पिस्टनऐवजी लवचीक पडदा असलेल्या) फर्स्ट स्टेजमध्ये सिलिंडर उतरताना आयपी वाढतो. आपल्या हातात कोणती जात आहे हे माहीत नसेल तर चांगल्या आकड्यालाही माणूस बिघाड समजतो.

आकडे वहीत लिहा. तारीख, सिलिंडरचा दाब, आयपी, किती मिनिटांत किती चढला. सर्व्हिसनंतर तुलना करायला दुसरं काहीच नसतं.

यानंतर जोडलेला संच पाण्याच्या बादलीत बुडवा. मार्क ५च्या बॉडीला समुद्राचं पाणी आत जाण्यासाठी भोकं असतात. त्यांतून बुडबुडे आले तर कारणं दोनच : पिस्टनच्या दांड्याभोवतीची हाय प्रेशर ओ-रिंग, नाहीतर पिस्टनच्या डोक्याभोवतीची मोठी ओ-रिंग. दोन्ही बाजूंनी हवा त्या पाण्याच्या कप्प्यातच येते. मुद्दा असा की या पिस्टन रचनेत दांड्याची रिंग गळली तर हवा बाहेर जाते, आयपी चढत नाही. त्यामुळे तुमच्या क्रीपचे आरोपी दोनच उरतात : सीट, आणि त्या सीटवर टेकणारी पिस्टनच्या दांड्याची धार. बॅलन्स्ड डायफ्रॅम स्टेजमध्ये, उदाहरणार्थ यूएस डायव्हर्सच्या कॉनशेल्फमध्ये, तिसरा आरोपी असतो. तिथे पॉपेटच्या (झडपेच्या हलणाऱ्या भागाच्या) शेपटीवरची बारीक ओ-रिंग गळली तर हाय प्रेशर हवा बॅलन्स चेंबरमार्गे थेट मधल्या दाबात मिसळते. कॉनशेल्फवर सीट बदलूनही क्रीप गेला नाही म्हणून वैतागलेल्या माणसाने बहुधा ती रिंग पाहिलेलीच नसते.

उघडण्याआधीची शेवटची पाहणी गाळणीची. हवा जिथून आत शिरते तिथे दाबून बसवलेल्या धातूच्या कणांची चकती असते. ती हिरवी पडली असेल तर खारं पाणी आत गेलं होतं. तांबूस पूड असेल तर तो स्टीलच्या सिलिंडरचा गंज, आणि पांढरट-करडी भुकटी असेल तर ॲल्युमिनियम सिलिंडरमधलं ऑक्साइड. गाळणी धुऊन पुन्हा वापरण्याच्या फंदात पडू नका, बदला. आणि कारण सिलिंडरमध्ये असेल तर आधी तो तपासून घ्या, नाहीतर नवी सीट त्याच पुडीने चिरेल.

भाग मिळतात का, हा प्रश्न खरं तर पाना हातात घेण्याआधीचा. ‘मिळत नाहीत’ याचा अर्थ पुष्कळदा ‘आमच्या यादीत नाहीत’ एवढाच असतो. बहुतेक कंपन्या सुटे भाग फक्त अधिकृत सर्व्हिस करणाऱ्यांना देतात, हे खरं. पण ओ-रिंगा कंपनीच्या मालकीच्या नसतात. त्या एएस-५६८ या मापपद्धतीत येतात आणि हायड्रॉलिक्सचं सामान विकणाऱ्या कोणाकडेही मिळतात. लो प्रेशर भोकाच्या नळीवर ०११, आजच्या हाय प्रेशर भोकाच्या नळीवर ०१२, योक (रेग्युलेटर तोटीवर आवळणारी चौकट) लागणाऱ्या सिलिंडर तोटीच्या तोंडावर ०१४. माप जुळलं म्हणजे झालं असं मात्र नाही. हाय प्रेशर जागी ९० ड्युरोमीटर कडकपणाची रिंग लागते. ७०ची मऊ रिंग तिथे दाबाने फटीत घुसून कापली जाते. सीटच्या बाबतीत तडजोड नको. ती नेमक्या तुमच्या पिस्टनसाठी बनलेलीच हवी. मार्क ५ इतकी वर्षं आणि इतक्या संख्येने वापरात राहिली की तिच्या सीटा आणि रिंगांचे संच आजही स्वतंत्र विक्रेत्यांकडे असतात. ते आणि त्या मॉडेलचं एक्सप्लोडेड ड्रॉइंग (सुटे भाग क्रमाने दाखवणारं चित्र) हाती आल्याशिवाय काही उघडू नका. उघडून ठेवलेला रेग्युलेटर भागांची वाट बघत पडला की त्यातलं काहीतरी हरवतंच.

हत्यारं फार लागत नाहीत, पण लागतात ती नेमकी लागतात. योकच्या नटासाठी बरोबर मापाचा पाना, षटकोनी चाव्या, लो प्रेशर भोकात बसवून बॉडी धरण्याची दांडी, दहापट भिंग, चांगला उजेड, आणि ओ-रिंग काढायला पितळेचा किंवा प्लास्टिकचा आकडा. स्टीलचा टोकदार आकडा या कामात घेऊच नका. मार्क ५मध्ये याला विशेष कारण आहे. दांड्याभोवतीची हाय प्रेशर ओ-रिंग बॉडीच्या आत खोल खाचेत बसलेली असते. ती नजरेने नीट दिसत नाही, हाताने चाचपडून काढावी लागते. स्टीलच्या टोकाने त्या खाचेत एक ओरखडा उठला की नवी रिंगही तिथून गळते आणि मग ती बॉडी जवळजवळ निकामी. पितळेचं टोक रिंगेखाली घालायचं, रिंग थोडी उचलली की दुसऱ्या बाजूने तिला बाहेर सरकवायचं. रिंग फाटली तर फाटू दे, ती टाकायचीच आहे.

पिस्टन बाहेर आला की तो डोक्यावर ठेवा किंवा मऊ कापडावर आडवा. दांड्याच्या टोकावर कधीही उभा करू नका. त्या पोकळ दांड्याचं टोक म्हणजे एक गोल धार आहे आणि सगळा रेग्युलेटर त्या धारेवर चालतो. भिंगाखाली, उजेड तिरका धरून, ती सावकाश पूर्ण फिरवून पाहा. चकाकी सलग फिरली पाहिजे. एखाद्या जागी प्रकाश तुटतो, तिथे बारीक खाच असते. नखाला लागणारी खाच असेल तर पिस्टन बदला. भिंगातही जेमतेम दिसणारा व्रण असेल तर सपाट काचेवर अतिबारीक पॉलिशिंग फिल्म ठेवून, दांडा अगदी सरळ धरून, हलक्या हाताने काही फेरे देऊन तो जाऊ शकतो. हे काम मला आवडतं, पण पहिल्या पिस्टनवर करून बघा असं सांगणार नाही. दांडा जरा कलला तर धार एका बाजूने चपटी होते. जुन्या सीटकडेही बघा, ती पुष्कळ काही बोलते. तिच्यावरचा गोल वळ सगळीकडे सारखा असला पाहिजे. वळाला छेदून जाणारी आडवी रेघ दिसली तर तुमच्या क्रीपचं कारण सापडलं. वळ एका बाजूला खोल आणि दुसऱ्या बाजूला उथळ असेल तर पिस्टन तिरका बसत होता.

धुण्याबद्दल. रबर, सिलिकॉन, सीट, प्लास्टिक हे सगळं काढून झाल्यावर उरलेल्या क्रोम चढवलेल्या पितळेच्या भागांसाठी पांढरं व्हिनेगर आणि कोमट पाणी निम्मं-निम्मं. अल्ट्रासॉनिक भांडं असेल तर पाच मिनिटं बरीच होतात. नसेल तर दहा मिनिटं आणि मऊ ब्रश. भाग रात्रभर भिजत घालू नका. आम्ल क्रोमच्या बारीक भेगांतून आत शिरतं आणि पितळेतलं जस्त खातं. पिवळं पितळ गुलाबीसर दिसायला लागलं तर तेच झालेलं असतं. ॲल्युमिनियमचे आणि ॲनोडाइझ केलेले भाग व्हिनेगरमध्ये टाकूच नका, त्यांना साबणाचं पाणी पुरे. व्हिनेगरनंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून काढा, मग साध्या पाण्याने, शेवटी डिस्टिल्ड पाण्याने धुवा आणि लगेच कोरडी हवा मारून वाळवा. बाहेरून क्रोम उडालेलं असेल तर ते फक्त दिसायला वाईट. ओ-रिंग बसते त्या खाचेत क्रोमचे पापुद्रे सुटत असतील किंवा खड्डे पडले असतील तर गोष्ट वेगळी, तिथे कितीही ग्रीस लावलं तरी सील धरणार नाही.

ग्रीस म्हणजे नुसता ओलावा, थर नव्हे. रिंग दोन बोटांत फिरवल्यावर चकाकली पाहिजे, बोटाला गोळा लागता कामा नये. साध्या हवेसाठी शुद्ध सिलिकॉन ग्रीस चालतं. सिलिकॉनच्याच बनलेल्या भागांना, म्हणजे डायफ्रॅम किंवा एक्झॉस्ट व्हॉल्व्हला (सोडलेला श्वास बाहेर टाकणाऱ्या झडपेला), ते लावू नका. त्याने ते फुगतात. ऑक्सिजन जास्त असलेल्या मिश्रणासाठी ख्रिस्टोल्यूबसारखं ऑक्सिजनला चालणारं ग्रीस लागतं, शिवाय सगळे भाग त्या दर्जाचे स्वच्छ लागतात. शुद्ध ऑक्सिजनवर चालणारा रेग्युलेटर घरच्या टेबलावर उघडण्याची वस्तू नाही. तिथे राहिलेला तेलाचा अंश पेट घेतो. स्प्रे करायची गंजतेलं, मशीन ऑइल, पेट्रोल यांतलं काहीही कुठल्याच रेग्युलेटरजवळ नको. शेवटी यातून येणारी हवा फुफ्फुसात जाते.

जोडताना मार्क ५मध्ये एकच नाजूक क्षण आहे. पिस्टनची धार नव्या हाय प्रेशर रिंगेतून आरपार जाते. धार रिंग कापते आणि रिंगेची खाच धारेला टोचते, दोन्ही बाजूंनी नुकसान. म्हणून दांड्याच्या टोकावर बसणारी गोल नाकाची टोपी मिळते, तिला बुलेट म्हणतात. ती लावून पिस्टन सरळ, एका लयीत ढकला, पलीकडून टोपी काढून घ्या. स्प्रिंगखालच्या पातळ चकत्या, शिम, जितक्या निघाल्या तितक्याच आणि त्याच जागी परत घाला. या मॉडेलचा आयपी बाहेरून स्क्रूने लावता येत नाही, शिमच्या संख्येने ठरतो. नव्या सीटनंतर आयपी कमी भरला तर एक शिम वाढवायचा, जास्त भरला तर काढायचा.

जोडून झाल्यावर पुन्हा पर्ज, पुन्हा गेज. नवी सीट बसायला थोडा वेळ घेते, तेव्हा पन्नास-शंभर वेळा पर्ज दाबून सोडा आणि मग काटा पाहा. सिलिंडर उघडा ठेवून तासभर सोडा, रात्रभर ठेवता आलं तर आणखी चांगलं. काटा हलला नाही तर फर्स्ट स्टेज झाली. हलला तर ‘वापरता वापरता बसेल’ म्हणून पुढे जाऊ नका. परत उघडा.

आता १०९. तिला मी फर्स्ट स्टेजनंतरच हात लावा म्हणतोय, कारण हलणाऱ्या आयपीवर सेकंड स्टेज लावताच येत नाही. ही धातूच्या डब्याची, बाजूला नॉब असलेली स्टेज जुनी असली तरी श्वासाला हलकी आहे, आणि योग्य भाग मिळाले तर बॅलन्स्डही करता येते. कंपनीने पुढे तीच रचना बॅलन्स्ड पॉपेटसह १५६ या नावाने विकली. डायफ्रॅम, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, माउथपीस आणि पॉपेटवरची सीट न बघता बदला. वीसेक वर्षं पडून राहिलेलं रबर वरून चांगलं दिसतं. दुमडून उजेडासमोर धरलं की बारीक चिरा दिसतात.

ऑरिफिस म्हणजे नळीच्या बाजूचा फिरणारा नळा, त्याची कडा पॉपेटच्या मऊ सीटवर टेकते. तो फिरवताना दर वेळी पर्ज किंवा लिव्हर दाबून ठेवायचा, म्हणजे कडा सीटपासून सुटलेली राहते. टेकलेल्या अवस्थेत फिरवला तर कडा सीटवर गोल काप घेते आणि नवी सीट तिथल्या तिथे वाया जाते. नॉब पूर्ण बाहेर घ्या, फुसफुस सुरू होईल इतका ऑरिफिस बाहेर आणा, मग अष्टमांश फेऱ्याच्या टप्प्यांनी आत न्या. फुसफुस थांबली की तिथेच थांबा. नळीच्या मध्ये जोडायचं इनलाइन हत्यार असेल तर हे सगळं दाबाखाली करता येतं. नसेल तर प्रत्येक टप्प्याला तोटी बंद, हवा मोकळी, नळी काढा, फिरवा, लावा. वेळखाऊ आहे, पण निकाल तोच येतो. लिव्हरची उंची अशी हवी की झाकण लावल्यावर तो डायफ्रॅमला जेमतेम टेकेल. फार उंच असेल तर झाकण आवळताच हवा सुटते, फार खाली असेल तर झडप पूर्ण उघडत नाही आणि खोलीवर हवा कमी पडते. लिव्हर वाकवून उंची जुळवू नका.

मोजायला महागडं गेज लागत नाही. पसरट भांड्यात पाणी घ्या, सेकंड स्टेज माउथपीस वर ठेवून हळूहळू खाली न्या. डायफ्रॅमच्या पातळीच्या वर किती पाणी आल्यावर हवा सुटायला लागते ते पट्टीवर बघा. अडीच ते साडेतीन सेंटीमीटर मिळालं तर स्टेज छान लागली. दोनच्या खाली गेलं तर पाण्यात प्रवाहात तोंड फिरवलं तरी हवा सुटेल. आणखी एक चाचणी तर फुकटची आहे : तोटी बंद करा, नळीतली हवा संपू द्या आणि माउथपीस तोंडात धरून ओढा. काहीच आलं नाही पाहिजे, आणि ओढून धरलेला ताण टिकला पाहिजे. हवा झिरपली तर डायफ्रॅम, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, माउथपीसची पट्टी किंवा डब्याची चीर यांपैकी काहीतरी आहे, आणि पाण्यात तिथूनच पाणी आत येईल.

नळ्या जुन्या असतील तर विचार न करता बदला. टोकाशी पितळेच्या टोपणाजवळ वाकवून बघितलं की भेगा दिसतात. आणि इथे जुन्या स्टेजांचा एक खरा धोका सांगायचा राहतो. आजच्या फर्स्ट स्टेजवर हाय प्रेशर भोकाचे आटे ७/१६ इंचाचे आणि लो प्रेशरचे ३/८ इंचाचे असतात, म्हणून नळी चुकीच्या भोकात बसतच नाही. जुन्या कित्येक स्टेजांवर, सुरुवातीच्या मार्क ५ धरून, हाय प्रेशर भोकही ३/८चंच असतं. लो प्रेशर नळी तिथे बिनबोभाट बसते आणि तोटी उघडली की फुटते. तुमच्या बॉडीवर कुठे एचपी (हाय प्रेशर) कोरलंय ते शोधा, आटे मोजा, आणि तिथे योग्य ॲडॉप्टर लावून तो कायमचा तिथेच राहू द्या. योकवर किंवा मॅन्युअलमध्ये दिलेला कमाल दाबही वाचा. जुने योक आजच्या जास्त दाबाच्या सिलिंडरसाठी बनलेले नसतात.

काही रेग्युलेटर मात्र घरी हातात घेऊ नयेत. पोसायडनच्या जेटस्ट्रीमसारख्या अपस्ट्रीम सेकंड स्टेज दाब वाढला की आणखी घट्ट मिटतात. त्यांची सुरक्षा वेगळ्या रिलीफ व्हॉल्व्हवर असते आणि तो तपासण्याचं ज्ञान वेगळं आहे. जिथे धारेचा किंवा क्राउनचा (सीट टेकते त्या कडेचा) भाग बॉडीतच कोरलेला आहे आणि त्यावर खड्डा पडलाय, ती बॉडी भिंतीवर लावा. चिरलेला प्लास्टिकचा डबा चिकटवू नका. दोन नळ्यांचे रेग्युलेटर, म्हणजे १९४३ साली कुस्तो आणि गान्यां यांनी पहिल्यांदा पाण्यात उतरवलेल्या यंत्राचा वंश, हा माझ्या प्रेमाचा विषय आहे आणि त्यांचे डायफ्रॅम, डकबिल (चोचीसारखे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह) आज नव्या सिलिकॉनमध्ये मिळतात. पण त्यांच्यातला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह डायफ्रॅमच्या अगदी शेजारी का असतो हे नीट कळल्याशिवाय ते उघडू नका. तो दुसरीकडे असता तर पाण्यातल्या दाबाच्या फरकाने रेग्युलेटर सतत वाहत राहिला असता. हे समजलं की बाकीची रचना आपोआप उलगडते.

पाण्यात उतरण्याबद्दल. पहिली डाइव्ह उथळ तलावात, उभं राहिलं तर डोकं वर येईल इतक्या पाण्यात, आणि सोबत्याकडे नीट चालणारा ऑक्टोपस (जादा सेकंड स्टेज) असताना. डोकं खाली, पाठीवर, कुशीवर, अशा सगळ्या स्थितींत श्वास घेऊन बघा. पाणी झिरपतंय का, हवा सुटतेय का. बाहेर आल्यावर आयपी पुन्हा मोजून वहीत लिहा. अशा दोन-तीन फेऱ्यांत आकडा तिथेच राहिला तरच समुद्र, तोही आधी कमी खोलीचा. ४० मीटरवर भोवतालचा दाब पृष्ठभागाच्या पाचपट असतो, म्हणजे प्रत्येक श्वासाला पाचपट दाट हवा त्याच झडपेतून जायची असते. टेबलावर हलका वाटणारा रेग्युलेटर तिथे कसा वागेल हे टेबल सांगत नाही.

पुढची सर्व्हिस कधी, हेही तुम्ही विचारलंय. कंपनीचं वेळापत्रक असेल तर ते पाळा, बहुतेकांचं वर्ष-दोन वर्षांचं असतं. पण प्रत्येक सहलीआधी गेज लावून आयपी आणि तोंडाने ओढून ताण तपासाच. पाच मिनिटांचं काम आहे. वहीतला आकडा अर्ध्या बारने जरी सरकला तरी वेळापत्रक न बघता उघडा. ऑक्टोपससाठी तुमच्या मार्क ५च्या फिरत्या टरेटवर (नळ्या बसतात त्या गोल भागावर) पुरेशी लो प्रेशर भोकं आहेत, मोकळ्या एकावर आजची कुठलीही डाउनस्ट्रीम सेकंड स्टेज लावा. फक्त ती ज्या आयपीसाठी बनली आहे तो तुमच्या आयपीशी जुळतो ना, हे तिच्या मॅन्युअलमध्ये बघून घ्या. आणि टरेट अडखळत फिरत असेल तर त्याच्या दोन ओ-रिंगा याच सर्व्हिसमध्ये बदला. त्यासाठी नंतर सगळं पुन्हा उघडावं लागतं.